हातावर पालकाचा पट्टा, तोंडात जपानी: शिरवणे ते खांदेश्वर

रविवार, ११ मे, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. खांदेश्वर स्टेशनपासून माझ्या गुडघ्यांनी दहा मिनिटांवर असलेल्या एका सभागृहाच्या दारात, स्वयंसेवक मुलीने माझ्या मनगटाला हिरवा कागदी पट्टा चिकटवला. त्यावर छापलं होतं, ‘पालक’. मी सदुसष्ट वर्षांची आहे. मला मूलबाळ नाही. पालकत्वाशी माझा संबंध सोसायटीतल्या तीन मांजरांपुरता, आणि त्यांनीही मला कधी सहीला बोलावलेलं नाही. मी तिथे स्पर्धक म्हणून गेले होते.

तुमच्यापैकी काहीजण असल्या अॅनिमे मेळाव्याला जायचा बेत करत असतील. म्हणून रस्ता, खाणं आणि खर्च सगळं सांगते. राग आला की मी जास्त नेटकं लिहिते, त्याचा फायदा घ्या.

सुरुवात गुडघ्याच्या ऑपरेशनपासून झाली. दोन महिने पलंगावर पडून मराठी मालिकांतल्या सासवा सहन होईनात, तेव्हा फोनवर एक जपानी कार्टून लावलं. कार्टून म्हणू नये, अॅनिमे म्हणावं, हे नंतर कळलं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी इंग्रजी झरझर वाचायला शिकवलं होतं, त्यामुळे खालची अक्षरं वाचून चित्रं बघायलाही वेळ उरायचा. पन्नासेक भाग झाल्यावर माझ्या लक्षात आलं, वर माणूस चार वाक्यं बोलतो आणि खाली दीडच छापतात. उरलेली अडीच वाक्यं कोण खातं, हे शोधायला मी नेरुळच्या जपानी वर्गात नाव घातलं. शनिवार-रविवार, सकाळी आठ. पहिली परीक्षा पास झाले आहे, दुसरीचा अभ्यास चालू आहे.

वर्गात आमच्या बाईंचा एक नियम आहे. जो आधी आला तो सेन्पाई, म्हणजे सीनियर. वयाचा संबंध नाही. माझी सेन्पाई प्रज्ञा, वय एकोणीस, राहणार कळंबोली. मी तिला वाकून ‘प्रज्ञा-सेन्पाई’ म्हणते आणि ती मला “काकू, पाठीला त्रास होईल, वाकू नका” म्हणते. वर्गात सर्वांत चांगला आवाज तिचा. तिला डबिंगमध्ये काम करायचं आहे. पप्पांनी या उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली होती. त्यात काही जमलं नाही तर जूनपासून त्यांच्या ट्रकच्या यार्डात, ऑफिसात बसायचं.

आणि एप्रिलमध्ये ही स्पर्धा जाहीर झाली. आफुरेको म्हणतात तिला. पडद्यावर मुका प्रसंग दाखवतात आणि त्याला आवाज आपण जोडीने द्यायचा. खांदेश्वरच्या फेरीतून दोन जोड्या पुण्याच्या अंतिम फेरीला जाणार, आणि तिथे परीक्षक असणार एका डबिंग स्टुडिओचे लोक. ते दरवर्षी शिकायला दोघातिघांना घेतात. प्रज्ञाने वर्गात विचारलं, जोडीला कोण येतं? पोरं लाजली. मी हात वर केला.

आयोजकांनी दिलेला प्रसंग असा: होडीत एक दहा वर्षांचा मुलगा बसून आहे, पलीकडचा काठ आला तरी उतरत नाही, आणि नावाडी म्हातारी त्याला उतरवायला बघते. सगळे समजले म्हातारी मी. मुळीच नाही. जपानमध्ये असल्या पोरांचे आवाज पुष्कळदा बायकाच देतात, आणि हट्ट करणं मला जन्मतः येतं. म्हातारी प्रज्ञाने केली. तिच्या आजीचा आवाज उचलला तिने, उदगीरकडचा, खर्जातला.

आता माझ्या चुकीची गोष्ट, कारण ती लपवली तर पुढचं काही कळणार नाही. ऑनलाइन अर्जात माझ्या नावाखाली पालकाचं नाव भरायचा रकाना होता, बंधनकारक. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. कुणीही शहाणा माणूस फोन करून विचारतो. पण सिस्टरांनी हातावर पट्टी मारून शिकवलं होतं की अर्जातला एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. माझे आईवडील जाऊन वीस वर्षं झाली. मग माझी जबाबदारी कोणाकडे, असा विचार करून मी तिथे प्रामाणिकपणे माझंच नाव लिहिलं.

तर रविवार. सकाळी सातला शिरवण्यातून निघाले. खांदेश्वरला थेट जाणाऱ्यांनी ट्रेन घ्यावी, सोपं पडतं. मला आधी कळंबोलीला जायचं होतं, म्हणून मी हायवेवरून पनवेलची बस पकडली. तिकीट वीसच्या आसपास, रविवारी खिडकी मिळते. बसमध्ये मी माझी वाक्यं पुटपुटत होते. शेजारच्या बाईंनी दोन स्टॉप वाट पाहून विचारलं, “कोणता जप हाय?” मी म्हटलं, होडीतून उतरायचं नाही त्याचा. त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

कळंबोलीला उतरून रिक्षा केलीत तर यार्डाचं नाव सांगू नका, जवळच्या वजनकाट्याचं सांगा. यार्डांची नावं सगळी सारखी असतात. प्रज्ञाचे पप्पा दारातच उभे होते.

“जय भीम, काकू. या, बसा. खाऊन घ्या आधी.”

आतून सुशीला आली. चुरमुरे भिजवून केलेला हा मराठवाड्याचा नाश्ता तुम्ही खाल्ला नसेल तर पोह्यांबद्दलची तुमची मतं अर्धवट आहेत. खाता खाता मला प्रज्ञाचं चिलखत दाखवण्यात आलं. दुपारी वेशभूषेची मिरवणूक होती, त्यासाठी यार्डातल्या पेंटरने पत्र्याचं करून दिलं होतं. प्रज्ञाने त्याला मोबाइलवर चित्र दाखवलं होतं: साधं, काळं, जपानी. पेंटरने काळं केलं होतं खरं. पण ट्रकचा कोणताही पत्रा त्याने तीस वर्षांत कोरा सोडलेला नाही. त्यामुळे चिलखताच्या कडेने लाल-पिवळी वेलबुट्टी, छातीवर दोन कमळं आणि पाठीवर ‘पुन्हा भेटू’.

“काका, पाठीवरचं का लिहिलं?” प्रज्ञा रडकुंडीला आली होती.

“मागनं बघणाऱ्याला काय दिसंल मग?” पेंटर म्हणाला. “कोरा पत्रा?”

पप्पांनी ड्रायव्हरला छोट्या टेम्पोने आम्हाला सभागृहापर्यंत सोडायला सांगितलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “काकू, मी लई ताणत न्हाई पोरीला. पण नुसतं कार्टून बघून कुनाचं भलं झालंय का, तुमीच सांगा.” मी म्हटलं, माझं झालंय, पण मला पेन्शन आहे. ते हसले. मुदत काही वाढवली नाही.

सभागृहाच्या दारात तो पट्टा. मी शांतपणे सांगितलं की चूक झाली आहे.

“आंटी, सिस्टिममध्ये तुमचं नाव दोनदा आलेलं,” मुलगी म्हणाली. “स्पर्धकमध्ये आणि पेरेंट्समध्ये. डुप्लिकेट होतं ना, म्हणून एक काढलं.”

“आणि नेमकं कोणतं ठेवावं, हे कसं ठरवलंत?”

तिने माझ्या केसांकडे पाहिलं. मला उत्तर मिळालं.

मुख्य आयोजक म्हणजे तिशीतले एक गृहस्थ, कपाळावर जपानी पट्टी बांधलेले. ते म्हणाले, “मॅडम, टेन्शन नका घेऊ, स्टेजवर बघून घेऊ.” आमच्या देशात जे काही बिघडतं ते या वाक्यानंतर बिघडतं. मला पालकांच्या कोपऱ्यात बसवलं. तिथे पंखा, चहा आणि गादीच्या खुर्च्या होत्या, आणि स्पर्धक बिचारे जिन्यावर बसले होते. मीही जिन्यावर जाऊन बसले.

आमचा नंबर आला तेव्हा पुकारा झाला, “प्रज्ञा, एकटी.” स्टेजवर माइकही एकच. मी वर चढले. कुणी अडवलं नाही. या वयाच्या बाईला हात धरून खाली आणायची हिंमत अजून आहे कुणाची? पडद्यावर होडी दिसू लागली. एकाच माइकवर दोघींनी बोलायचं म्हणजे तिचं वाक्य संपलं की तिने डावीकडे सरायचं आणि मी आत घुसायचं, असं आम्ही अडीच मिनिटं केलं. तिसऱ्या वाक्याला प्रज्ञाच्या आवाजातली म्हातारी मला इतकी खरी वाटली की उतरायचं नाही म्हणताना माझा आवाज आपोआप पोरासारखा चिरकला. समोरच्या रांगेत हसू फुटलं. शेवटी म्हातारी काही न बोलता वल्हं खाली ठेवते. तिथे वाक्य नाही, नुसता श्वास आहे. तो श्वास प्रज्ञाने घेतला तेव्हा जिन्यावरची पोरंही हलायची थांबली होती.

परीक्षक तिघे होते, त्यांत एक जपानी बाई. त्या सतत लिहीत होत्या. उतरताना त्यांनी मला थांबवून जपानीत सांगितलं की मुलगा छान, फक्त इतका सभ्य नको. दहा वर्षांचं पोर होडीवाल्या आजीशी एवढ्या आदराने बोलत नाही. बरोबर आहे. मला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेली सभ्यता सगळ्या भाषांतून गळते.

निकालाला वेळ होता, म्हणून खाण्याकडे वळूया. रामेन ऐंशी रुपये. पाकिटातले नूडल्स आणि वर उकडलेलं अर्धं अंडं, घेऊ नका. कोपऱ्यात मात्र एक आगरी बाई भाताचे गोळे, म्हणजे ओनिगिरी विकत बसल्या होत्या, तीस रुपयांना एक.

“आत काय आहे?”

“जवला हाय. सुका, परतलेला,” त्या म्हणाल्या. “सुनंनं सांगितलं जपानी लोक बी आपल्यावानीच भात नि मासली खातान. मी बोलले, मंग त्याना शिकवाचा काय त्याच्यान? पन विकतंय बग.”

मी तीन खाल्ले. मुद्दाम जावं असे होते. दुपारी चिलखताची मिरवणूक झाली आणि सगळ्यांनी प्रज्ञाच्या पुढून नव्हे, पाठीमागून फोटो काढले. पेंटरचं म्हणणं मान्य करावं लागलं.

चार वाजता निकाल. प्रज्ञा तिसरी. पहिल्या दोन जोड्या पुण्याला.

प्रज्ञाने टाळ्या वाजवल्या. तिला तसं शिकवलंय. मी थेट जपानी बाईंकडे गेले आणि विचारलं. त्यांनी स्वतःचा कागद दाखवला: आमच्या जोडीपुढे दोन रकाने, म्हातारी आणि मुलगा, दोन्ही भरलेले. तिथून मी संगणकावर बसलेल्या मुलाकडे गेले.

“मॅडम, दुसऱ्या रकान्याला नाव नाही ना. स्पर्धक एकच आहे. तो रकाना धरलाच नाही.”

“म्हणजे एका मुलीला निम्म्या गुणांवर तुम्ही तिसरी आणलीत.”

“तसं... हो. पण पेरेंट्सला मार्क देता येत नाहीत.”

आयोजक गृहस्थ म्हणाले, आता जाहीर झालंय. मला प्रशस्तिपत्र दिलं: ‘पाल्याला प्रोत्साहन दिल्याबद्दल’. मी ते टेबलावरच ठेवून आले.

बाहेर येऊन मी प्रज्ञाला अर्जाचं सांगितलं. पालकाच्या रकान्यात मी माझंच नाव लिहिलं होतं, म्हणून हे झालं. ती चिलखताच्या कड्या सोडवत होती.

“फोन करायचा ना मला,” ती म्हणाली. “मी सेन्पाई आहे ना तुमची.”

एवढंच. मला आजवर बऱ्याच लोकांनी बरंच सुनावलं आहे आणि मी परतफेड केली आहे. या वेळी मी वाकून उरलेल्या कड्या सोडवायला घेतल्या.

न्यायला पप्पा स्वतः आले. पोरीचं तोंड बघून त्यांना कळलं. मी सगळं सांगितलं, माझी चूक धरून. ते टेम्पोला टेकून ऐकत राहिले.

“दोन खाने भरलेला कागद हाय ना त्या बाईकडं?”

“आहे. फोटोही काढलाय मी.”

“मंग लिवा की. आमच्या गाड्या चेकनाक्याला अडकल्या की तोंडानं सांगून सुटत न्हाईत, लिवल्यावर सुटत्यात.” मग पोरीकडे न बघता म्हणाले, “उत्तर येऊ दे आदी, ऑफिसचं बघू नंतर.”

परत येताना बस घेतली, उभं राहावं लागलं, गुडघा दुखला. घरी आल्यावर चहाही न करता लिहायला बसले. एकूण खर्च तीनशेच्या आत, प्रवेशशुल्क धरून. जावं का? जरूर जा. मला त्या अडीच मिनिटांत जे मिळालं ते निवृत्तीनंतर कशातच मिळालं नव्हतं: कुणीतरी माझ्या वाक्याची वाट बघत होतं आणि ते मलाच बोलायचं होतं. फक्त अर्ज भरताना अडलात तर आपल्याहून लहान माणसाला फोन करा.

आता आयोजकांसाठी. हा ब्लॉग तुमचे स्वयंसेवक वाचतात हे मला माहीत आहे. माझ्या अर्जातली चूक मी वर कबूल केली आहे. ती माझी होती आणि तिची शिक्षा मला करा: माझ्या नावावर फुली मारा, पुण्याला माझ्याऐवजी दुसरा मुलगा उभा करा, माझी हरकत नाही. पण नाव काढून टाकलंत तुम्ही, आणि दिलेले गुण मोजले नाहीत तेही तुम्हीच. परीक्षकांच्या कागदाचा फोटो आजच ईमेलने पाठवला आहे. दुसरा रकाना धरून प्रज्ञाची बेरीज पुन्हा करा आणि ती पुण्याला जाते की नाही ते कळवा. पुण्याला नावं शनिवारी जातात. म्हणून उत्तर शुक्रवार, १६ मे, संध्याकाळी पाचच्या आत हवं. फोनवर नको. लेखी, सहीनिशी, आणि प्रज्ञाच्या नावाने.