इटलीकाकांची लाडकी

इटलीकाका आयुष्यात कधी नेरळच्या पुढे गेले नव्हते, पण इटलीबद्दल कुणी वावगं बोललं की सासुरवाडीचा अपमान झाल्यासारखे फणफणत. कारण एकच. मांजर्लीतल्या आमच्या सोसायटीत त्यांच्याकडे इटालियन गाडी होती. लाल, देखणी आणि बहुतेक वेळ उभी.

अंबरनाथच्या कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झाल्यावर काकांनी ती उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याकडून घेतली. "साईं, ये गाडी नहीं, शान है," असं तो म्हणाला होता. माणूस प्रामाणिक. ती गाडी नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं होतं.

गाडी बंद पडली, असं काकांसमोर म्हणायची सोय नव्हती. "बंद नाय रे, विचार करतेय ती," ते म्हणत. तिचे पार्ट कुठेच मिळत नसत, म्हणून काका ओळखीच्या वर्कशॉपात लेथवर ते स्वतः घडवत. तिच्यात इटलीचं किती उरलं होतं आणि अंबरनाथचं किती, देव जाणे. शिवाय आम्हा पाच शेजाऱ्यांचे खांदे होतेच. सकाळी दूध आणायला उतरलं की आधी धक्का, मग दूध.

पावसाळ्यात नदी वाढली की गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावायच्या, ही आमच्याकडची रीतच. त्या वर्षी नदी वाढल्याचा निरोप आला तेव्हा फाटकाच्या आत घोटाभर पाणी होतं. काकांची गाडी अर्थातच विचार करत होती.

"तुम्ही तुमच्या गाड्या काढा. मी हिला सोडून येणार नाय," काका स्टिअरिंग धरून म्हणाले.

"काका, लोखंड आहे ते! उतरा!" मी ओरडलो. माझं डोकंच फिरलं होतं. पण हा म्हातारा खरंच उतरणार नाही, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. मग लागलो पाचही जण धक्क्याला. पूल चढवून खाली पाहिलं, तर आमच्या भरवशाच्या, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग केलेल्या पाच गाड्यांची फक्त टपं दिसत होती.

काकांनी टोमणा मारला नाही. तेच जास्त झोंबलं. पुढे महिनाभर आमच्या गाड्या गॅरेजात होत्या, तेव्हा रोज सकाळी काका आम्हाला स्टेशनवर सोडायला हजर. "बसा," एवढंच म्हणत. अर्ध्या वाटेत आम्ही उतरून ढकलायचो आणि ते आत बसून आमचे आभार मानायचे.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. मुलाने गाडी विकली. नवा मालक न्यायला आला त्या सकाळी आम्ही पाचही जण, कुणी न बोलावता, बाह्या दुमडून गाडीच्या मागे उभे राहिलो. त्याने किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली आणि फाटकातून निघूनही गेली.

मला तिचा असा संताप आला! मेलीला काकांसाठी एकदा तरी असं चालू होता आलं नसतं?