आईंच्या दम्याचा उगम

डॉक्टरांनी अस्थमा म्हटलं आणि मी मराठीत सांगण्याआधीच आईंना कळलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर साताऱ्याचं रिकामं घर त्यांना खायला उठायचं, म्हणून आम्ही त्यांना जर्मनीत, रेगेन्सबर्गला आमच्याकडे राहायला आणलं होतं. इथे आल्यावर खोकला लागला आणि जाईना.

स्पायरोमेट्री नुकतीच झाली होती. म्हणजे नळीत जोरात फुंकायचं आणि हवा किती वेगाने बाहेर पडते ते मशीन मोजतं. मग श्वासातून औषध देऊन पुन्हा फुंकायला लावतात. आईंनी दुसऱ्यांदा असं फुंकलं की सिस्टर हसली. तुमच्यावर ही वेळ आली तर मुळीच घाबरू नका, दुखत काही नाही.

"तर मग, औषध मी देतो," डॉक्टर म्हणाले. "पण यांना त्रास देणारं काहीतरी घरात किंवा आसपास आहे. ते सापडलं नाही, तर यांनी इथे राहू नये."

हे शेवटचं वाक्य मी आईंना सांगितलं नाही. बसमध्ये त्यांनीच विचारलं, "मला परत पाठवणार का गं?" मी ठामपणे नाही म्हटलं. शहराच्या हवेतले सूक्ष्म कण कुठून येतात, यावरच मी पीएचडी करते. हवा फिल्टरमधून ओढायची आणि फिल्टरवर काय बसलं ते तपासायचं. गाड्यांचे ब्रेक घासून उडालेल्या कणांत धातू सापडतात. लाकडाच्या धुरात लाकूड जळल्यावरच तयार होणारी एक साखर सापडते. प्रत्येक उगम आपली खूण सोडतो.

माझा संशय खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ क्रेमरवर, म्हणजे क्रेमरबाईंवर होता. संध्याकाळी त्यांची लाकडाची शेगडी पेटली की आमच्या बाल्कनीत धुराचा वास यायचा. प्रोफेसरांना विचारून मी दोन छोटे पंप आणि कण मोजणारे सेन्सर घरी आणले. एक जोडी बाल्कनीत ठेवली, दुसरी स्वयंपाकघरात, कारण आईंचा दिवस तिथेच जातो. फ्राऊ क्रेमरना काय सुनवायचं तेही मनात घोकून ठेवलं.

बाल्कनीतल्या फिल्टरवर लाकडाची खूण भरपूर होती, घरातल्या फिल्टरवर जेमतेम. तिथे होता तापलेल्या तेलाचा धूर. सेन्सरचा आकडा चढायचा तो सकाळी, मी आणि माझा नवरा नचिकेत कामावर गेल्यानंतर.

एका सकाळी मी घरीच थांबले. आईंनी स्वयंपाकघराची खिडकी लावली, मग दार लावलं. थोड्या वेळाने मी दार उघडलं, तर आत मिरचीचा खाट भरलेला आणि आई पदर नाकाला लावून खोकत होत्या.

"अहो आई, खिडकी का लावलीत?"

"खालच्या बाई जिन्यात वासाबद्दल बोलल्या, असं तूच नचिकेतला सांगत होतीस ना? माझ्यापायी तुमचं भाड्याचं घर जायला नको."

मला रडूच आलं. वरचा पंखा चालू असतो की, असं त्या मलाच समजावत होत्या. पण आमच्या चिमणीचा पंखा धूर बाहेर टाकत नाही. हवा गाळून पुन्हा आतच सोडतो, आणि बारीक कण त्यातून सहज निसटतात. साताऱ्याच्या स्वयंपाकघराला दोन्हीकडून वारा होता. तिथे आयुष्यभर फोडण्या घालून त्या कधी खोकल्या नाहीत.

मी खाली गेले. घोकलेलं सगळं सोडून एवढंच सांगितलं, की सासूबाईंना दमा आहे, यापुढे आमची खिडकी उघडी राहील आणि वास येईल. वास आवडत नाही, असं फ्राऊ क्रेमर तोंडावर म्हणाल्या. पण खिडकी बंद करून स्वयंपाक केला हे ऐकून त्या हादरल्याच. म्हणाल्या, "लुफ्टन तर करावंच लागतं." लुफ्टन म्हणजे खिडक्या उघडून घरात हवा खेळवणं. त्याबाबत या देशात वाद होत नाही.

इन्हेलर चालूच आहे. खोकला थांबला म्हणून आपल्या मनाने तो बंद करू नये. आणि घरात कुणाला दमा निघाला, तर शहराच्या नावाने खडे फोडण्याआधी आपल्या घरातली खिडकी कोण, कुणाच्या भीतीने लावतंय ते बघा.

फेरतपासणीत आकडे सुधारले होते. डॉक्टर काय म्हणाले, असं आईंनी विचारलं. या वेळी मी शब्दन् शब्द सांगितला, "यांना इथेच राहू द्या."

आता आई स्वेटर आणि कानटोपी घालून, खिडकी सताड उघडून फोडणी घालतात. खाली फ्राऊ क्रेमरची खिडकी धाडकन बंद होते. आई आणखी दोन मिरच्या टाकतात.