उजवीकडे चालणारा सिंह

एका बाईला मी तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातांनी घडवलेल्या चांदीच्या किटलीची चोर ठरवलं. घाईगडबडीत नव्हे, पूर्ण विचार करून, दोन पंचांसमक्ष, कार्बन घालून तीन प्रतींत. नोकरीत मी गाढवपणा पुष्कळ केला आणि त्यातला बराचसा काळाच्या पोटात गेला. ही घटना मात्र मी मुद्दाम जपून ठेवली आहे, कारण तिचा शेवट माझ्या सगळ्या नोकरीतल्या सर्वांत गोड विजयात झाला. विजय कुणाचा, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापुरात फौजदार होतो. एका सकाळी एक निवृत्त डॉक्टर ठाण्यात आले. त्यांच्या बंगल्यातून विलायती चांदीचा टी-सेट गेला होता: किटली, दूधदाणी, साखरेचं भांडं आणि ट्रे. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून आजोबांनी घेतलेला. कुलूप फोडलेलं नव्हतं, खिडक्यांचे गज शाबूत होते. साखर उचलायचा चिमटा दुसऱ्या कपाटात होता म्हणून तेवढा वाचला. डॉक्टरांनी तो नमुन्यादाखल दिला. त्यावर द्राक्षवेलीची नक्षी होती. मी ती पाहिली, चिमटा कागदात गुंडाळला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

डॉक्टरांबरोबर त्यांचा भाचा होता. मामांकडे राहून नोकरी शोधणारा, इस्त्रीच्या कपड्यांतला, दर वाक्याला ‘सर’ म्हणणारा. फार गुणी वाटला मला.

तिसऱ्या दिवशी टपालानं निनावी पत्र आलं. ‘मंगळवार पेठेतील खानावळीत माळ्यावरच्या ट्रंकेत चोरीची भांडी आहेत. ट्रेच्या खाली सिंहाचा छाप आहे.’

ती खानावळ सगळ्या पेठेला ठाऊक होती. चालवणारी मावशी विधवा. कॉलेजची पोरं, कारकून, तालमीतले पैलवान तिच्याकडे जेवायचे, आमचे हवालदारही. ते म्हणाले, “सायेब, मावशी तसली न्हाय.”

मी म्हणालो, “हवालदार, पोट वेगळं ठेवा, तपास वेगळा ठेवा.” वाक्य चांगलं जमलं म्हणून मी ते दोनदा म्हणालो.

छापा घातला तो बरोबर दुपारच्या पंगतीला. ट्रंक उतरवली. आत जुन्या धोतरात गुंडाळलेला सेट निघाला. तीच द्राक्षवेल. ट्रे पालथा केला तर खाली खरोखर सिंह! पाय उचलून ऐटीत चाललेला, शेजारी एक वाघरासारखं तोंड. मी पंगतीकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू सिंहाची शिकार मीच केली.

मावशी हातातलं पिठलं तसंच ठेवून पुढे आल्या. “अवो सायेब, ही आमच्या मालकांनी घडीवल्यात. चांदीचं कारागीर हुतं त्ये!”

“आणि हा विलायतेचा सिंह?”

“त्यो बी त्यांनीच काढलाय.”

मी हसलो. पंगतीतलं कुणी हसलं नाही. सगळे ताटात बघत राहिले. मावशींनी कोपऱ्यातली एक जड लोखंडी पेटी माझ्यापुढे सरकवली. “ह्यात त्यांची हत्यारं हायती. बगा तरी!”

पाहिलं. बोटभर लांबीच्या गंजक्या सळ्या. मी पंचनाम्यात लिहिलं: ‘निरुपयोगी लोखंडी खिळे, अंदाजे चाळीस. जप्त केले नाहीत.’ खाली ठसठशीत सही केली.

संध्याकाळी डॉक्टरांनी भांडी ओळखली. “हीच!” वरिष्ठांनी फोनवर शाबासकी दिली. मी नवा पट्टा काढून घातला. चौकशी तेवढी राहिली होती. चौकशीचा माझा एक ठरलेला ढंग होता: आधी गप्प बसायचं, टेबलावर पेन्सिल वाजवायची, मग एकदम प्रश्न टाकायचा.

“बंगल्यात कधी गेला होता?” मी प्रश्न टाकला.

“कवाच न्हाय.”

“मग भांडी चालत आली?”

“सांगितलं की, घडीवल्यात. बंगल्यातनं एकदा किटली दुरुस्तीला आलती, संगं बाकीची भांडी उजळायला. आमच्या मालकांचं डोळं फिरलं ती बगून. म्हनलं, असलीच आपल्या हातानं करायची. मजुरीतनं तोळा तोळा चांदी साठवून दोन वरसं खपलं. सगळं सांगितलं तुमास्नी. आता पेन्शिल थांबवा, डोकं उठलंय माजं.”

पेन्सिल थांबली. जबाब तिथंच थांबला. दुसऱ्या दिवशी कोर्टानं जामीन दिला. तालमीतला एक वस्ताद जामीनदार राहिला. रोज सकाळी दहाला ठाण्यात हजेरी, ही अट.

जामिनानंतर चौथ्या दिवशी हवालदार टेबलापाशी येऊन उभे राहिले. “सायेब, काल दुपारी मावशीकडं चाळीस पानांची तीन पानं झाली. त्यातलं एक माजं हुतं.” एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी गावाकडून निरोप धाडला होता, चोरीच्या घरचं अन्न आमच्या पोराला नको. पंधरा वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिच्या दारावरून लोक चपला न काढता पुढे जात होते. आठवडाभर असंच चाललं तर चूल विझणार, हे हवालदारांनी तोंडानं म्हटलं नाही. पण ते गेले नाहीत, उभेच राहिले.

तेवढ्यात मावशी हजेरीला आल्या. काखेत ती पेटी. धाडकन् माझ्या टेबलावर आदळली, दौत उडाली.

“तुमी आला न्हाईसा, म्हनून म्याच घिऊन आलीय.”

शेजारच्या टेबलावर एक शिपाई हातभट्टीच्या बाटल्या सीलबंद करत होता. मेणबत्ती, लाख, पितळी मोहोर. मावशींनी पेटीतली एक सळई काढली, पदरानं टोक पुसलं आणि शिपायाला म्हणाल्या, “पावणं, जरा लाख वता हितं.” शिपायानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवायच्या आतच त्यानं लाख ओतली. मावशींनी सळई दाबली, उचलली.

लाखेत सिंह उभा होता. पाय उचलून ऐटीत.

मी मुद्देमालाच्या खोलीतून किटली मागवली. तोच सिंह, तेच शेपटीचं वळण. डाव्या कानाला टवका उडालेला, लाखेतल्या सिंहाचाही. मग ड्रॉवरमधल्या चिमट्याची आठवण झाली. इतके दिवस मी त्याची फक्त नक्षी जुळवली होती. छाप बघितलेच नव्हते. भिंग लावलं. चिमट्यावरचा सिंह डावीकडे चालला होता. किटलीवरचा उजवीकडे.

“हा उलटा का?” मी विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

“वेलबुट्टीला डावं-उजवं नसतंय, सायेब. जन्मभर त्येच कोरलं. ह्यो सिंव्ह पयल्यांदाच. किटलीवर दिसला तसाच सळईवर कोरला. पयला ठोका घातला आन सिंव्ह फिरला की! मालकांनी कपाळाला हात लावला. दोन दिस हसत हुतं.”

माझ्या हाताशी पितळी मोहोर पडली होती, तिच्यावर आमच्या ठाण्याचं नाव उलटं कोरलेलं. बारा वर्षं ती मी लाखेवर दाबत होतो.

“आणि चिमट्यावर इंग्रजी अक्षरंही आहेत. ती नाही घातली?”

“ती करनाऱ्याची खूण हाय म्हनायचं. सिंव्ह काय, कुनाचा बी. नाव दुसऱ्याचं. त्ये उचलायचं नसतंय.”

हवालदारांनी तोंड फिरवून नाक पुसलं.

आता माझं डोकं, उशिरा का होईना, चालू लागलं. निनावी पत्र काढलं. ‘ट्रेच्या खाली सिंहाचा छाप आहे.’ डॉक्टरांच्या फिर्यादीत छापाचा उल्लेखच नव्हता. मग मावशींचा ट्रे पालथा करून पाहिला कुणी?

“खंडेनवमीला हत्यारांसंगं भांडी बी पूजेला मांडतीया मी,” मावशी म्हणाल्या. “औंदा एकानंच उलटीपालटी करून बगितली. बंगल्यावरचा भाचा. आदी हितंच जेवायचा न्हवं. म्हनला, मावशी, ही तर आमच्या मामांच्यासारखीच!”

मी भाच्याला बोलावलं. चहा मागवला. यावेळी पेन्सिल वाजवली नाही. नुसतं म्हणालो, “अभिनंदन! मामांची खरी भांडी सापडली.”

“अशी कशी?” तो पटकन म्हणाला. “ती आटवायला मंगळवार...”

आणि थांबला. हवालदारांनी कपबशी अलगद खाली ठेवली. त्या दिवशी सोमवार होता.

भाच्यानं हुपरीच्या चांदी-कारागिराचं नाव कबूल करेपर्यंत मंगळवार उजाडला. मग हुपरीला जीप कशी गेली ते ड्रायव्हरलाच ठाऊक. तिथल्या कारागिरानं विश्वासानं माल घेतला होता. भाच्यानं त्याला सांगितलं होतं, जुनी भांडी मोडून मामींना पैंजण करायचे आहेत. भट्टी तापत होती. दूधदाणीचा कान कापून झाला होता. किटली पाटावर होती आणि कारागिराच्या हातात कात्री. मी ओरडलो, “थांबा!” इतक्या जोरात, की शेजारच्या चार घरांतले हातोडे थांबले. ट्रे उचलून पालथा केला. चार छाप, अक्षरांसकट. सिंह डावीकडे. त्या क्षणी त्या भट्टीसमोर मी नाचलो नाही, असं हवालदार सांगतात. मला मात्र नाचल्याचं स्पष्ट आठवतं.

या तपासानं मला शिकवलं ते एवढंच, की वस्तू ओळखायची असेल तर ती करणारा हात शोधावा. आणि त्या हाताची माहिती देणारं माणूस समोर उभं राहून ओरडत असेल, तर निदान पेन खाली ठेवावं. छाप खोटं बोलत नव्हते. वाचणारा अडाणी होता.

कोर्टाच्या हुकमानं मावशींचा सेट सुटला. मी म्हणालो, ठाण्यात येऊन घेऊन जा. त्यांनी हवालदारांकरवी निरोप धाडला: “नेलं कसं? भर पंगतीतनं, जीपनं. तसंच आनून द्या म्हनावं.”

बरोबर होतं. दुपारी साडेबाराला, पूर्ण युनिफॉर्ममध्ये, ट्रे दोन्ही हातांवर धरून मी मंगळवार पेठेत जीपमधून उतरलो. बरोबर डॉक्टर होते. आदल्या रात्रीच ते मावशींची माफी मागून आले होते. अख्खी गल्ली बाहेर. मी मोठ्यानं सांगितलं, “ही भांडी या घरची आहेत. यांच्या मालकांनी घडवलेली. चूक माझी झाली.” मग बूट काढले आणि रिकाम्या पंगतीत पाटावर बसलो. शेजारी डॉक्टर बसले, त्यांच्या शेजारी हवालदार. थोड्या वेळानं वस्ताद आले. मग दारात दोन विद्यार्थी घुटमळले, आत आले. तिसरी भाकरी ताटात पडेपर्यंत मागे उभं राहायला जागा नव्हती. मावशींच्या हाताला उसंत नव्हती आणि चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी रंग आला होता.

मला वाटलं, आता दोन शब्द आपल्याही वाट्याला येतील. मी म्हणालो, “मावशी, रस्सा झकास झालाय. येत जाईन मी.”

त्यांनी माझ्या वाटीत पळीभर रस्सा ओतला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “जेवायला खुशाल येत जावा, सायेब. तपासाला तेवढं हवालदारास्नी लावून द्या.”