डाव्या कोपऱ्यातली खुर्शिदभाभी

शिरूरमध्ये सांगितल्या दिवशी ब्लाउज शिवून देणारी बाई शोधून सापडायची नाही, पण खुर्शिदभाभी द्यायची. बोलायला मात्र भारी कंजूष. गिऱ्हाईक बाया आपसात म्हणायच्या, भाभीनं कापडाबरोबर स्वतःचं तोंडही शिवून घेतलंय. त्या बिचाऱ्यांना काय माहीत, भाभी दिवसभर बोलतच असायची, फक्त हातांनी. तिच्या एकुलत्या एका मुलीला, मेहकला, जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

मेहक दौंडकडच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत होती, तेव्हा भाभी तिला सोडून शाळेच्या व्हरांड्यातच परतीच्या एसटीची वाट बघत बसायची. तिथं पोरांचे हात बघून बघून ती खुणा शिकली. शाळेत न मिळालेल्या खुणा घरात तयार झाल्या. त्यातली एक तर सासऱ्यांची होती. ते बाजारात बकऱ्यांची दलाली करायचे. बकऱ्याचा भाव चारचौघांत उघड बोलायचा नाही, रुमालाखाली समोरच्याची बोटं धरून सांगायचा, जितकी बोटं तितका भाव, ही त्यांची जुनी रीत. नातीशी बोलता येईना म्हणून म्हातारा तिच्याशी तोच खेळ खेळायचा. म्हातारा गेला, पण हातावर कापड टाकून बोटं दाबली की 'भाव', ही खूण घरात राहिली.

दहावीनंतर मेहक शिरूरच्या कॉलेजात गेली आणि अडचण सुरू झाली. अर्थशास्त्राचे ज्ञानेश सर तिच्यासाठी मुद्दाम धडे रेकॉर्ड करून पाठवायचे. पडद्यावर आकृती सरकायच्या आणि मागून सरांचा आवाज. सर भले माणूस, पण भलेपणा ऐकू यायला हवा ना. भाभी शेजारी बसून खुणांनी समजावू लागली, तर तिच्या हातांकडे बघावं तोवर आकृती पुढं जायची आणि आकृतीकडे बघावं तर आईचे हात निसटायचे. व्हिडिओ थांबवत थांबवत दोघींचाही जीव मेटाकुटीला आला.

शेवटी मेहकनं एके दिवशी कॉलेजचा ड्रेस घडी करून उसवायच्या कपड्यांच्या ढिगात ठेवला. 'सोमवारपासून जात नाही. मला मशीन शिकव,' तिनं हातांनी सांगितलं आणि शांतपणे बटणं लावायला बसली. पोरगी रडली असती तरी बरं होतं, असं भाभीला वाटलं. मशीननं तिला पोटापुरतं दिलं होतं, वाईट काहीच नव्हतं. पण लेकीनं हरून त्या मशीनवर बसावं, हे तिला सोसेना.

रविवारी ती शेजारच्या स्नेहलकडे गेली. स्नेहल रांजणगावच्या एका कंपनीत ऑफिसात होती आणि तिच्याकडे लॅपटॉप होता.

"सरांचा व्हिडिओ आन् माझे हात, दोन्ही एकाच काचेत दिसलं पायजे," भाभी म्हणाली. "हुईल का?"

"भाभी, कंपनीचा लॅपटॉप हाय. ह्याच्यात नवीन काय टाकायचं म्हणलं की पासवर्ड मागतो, आन् तो त्या आयटीवाल्याकडं."

"मग न्हाई व्हायचं?"

"थांबा की. टाकायचंच कशाला? इंटरनेटवरच एक साइट हाय, तिथल्या तिथं करता येतं. हितं सरांचा व्हिडिओ द्यायचा, हितं कॅमेरा चालू करायचा. तुमी कोपऱ्यात दिसाल. झालं की उतरवून घ्यायचा."

भाभीनं ठेवणीतला ड्रेस घातला, केस चापून बसवले आणि कॅमेऱ्यापुढं बसली. कानाला हेडफोन, सरांचा आवाज ऐकायचा आणि हातांनी सांगत जायचं. मागणी, पुरवठा, भाव. धडा संपला तेव्हा तिचे खांदे भरून आले होते. कोपऱ्यातल्या छोट्या गोलात तिचा चेहरा छान आला होता. स्नेहल म्हणाली, "टीव्हीवरच्या बातमीवाल्या बाईवानी दिसताय." भाभी मनातून सुखावली, उगाच नाही म्हणायचं कशाला.

घरी मेहकनं तो व्हिडिओ मोबाइलवर शेवटपर्यंत पाहिला. मग आईकडे वळून तिनं खूण केली, 'दिसतेस सुंदर. पण बोललीस काय?'

भाभीनं परत पाहिलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं. गोलात नुसता चेहरा होता. हात सगळे गोलाच्या बाहेर राहिले होते. लोक हात दाखवून अवलक्षण करून घेतात, हिनं न दाखवता करून घेतलं. दोन शहाण्या बायांना चेहरा नीट आल्याचा इतका आनंद झाला होता, की ज्याच्यासाठी बसलो ते आलंय का, हे दोघींनीही पाहिलं नव्हतं.

ती उठली आणि पुन्हा स्नेहलच्या दारात गेली. या वेळी ठेवणीतला ड्रेस नाही, हात उठून दिसावेत म्हणून साधा काळा कुडता. बांगड्या काढून ठेवल्या. गोलाची चौकट केली, मोठी केली. सरांची आकृती उजवीकडे होती म्हणून चौकट डाव्या कोपऱ्यात नेली. खुर्ची मागं सरकवली, कमरेपर्यंत दिसेल इतकी. मग तिनं सगळा धडा पुन्हा सांगितला. 'भाव' आला तेव्हा ओढणी हातावर ओढली आणि खालून बोटं दाबली.

मेहक पाहत होती तेव्हा भाभी मशीनवर बसली, पण पायडल काही हललं नाही. पोरीचे डोळे कधी आकृतीवर, कधी कोपऱ्यावर जात होते, आणि व्हिडिओ चालूच होता. 'भाव' आला तिथं मात्र मेहकनं तो थांबवला.

मेहक उठली, मशीनपाशी आली आणि आईच्या हातावर आपली ओढणी टाकली. खालून तिनं आईचं एक बोट धरलं. दुसऱ्या हातानं खूण केली, 'एक बकरा, एक गिऱ्हाईक.' मग तीन बोटं धरली. 'एक बकरा, खूप गिऱ्हाइकं.' मग जरा थांबून तिनं बकरी ईदची खूण केली, आईची पाचही बोटं मुठीत घट्ट आवळली आणि हसली.

भाभीला म्हाताऱ्याची आठवण झाली आणि डोळे भरून आले. तिनं हात मात्र सोडवून घेतला नाही. काही वेळानं मेहकनंच ओढणी काढली, उसवायच्या ढिगातून कॉलेजचा ड्रेस ओढून काढला आणि आईला विचारलं, 'इस्त्री कुठं ठेवलीय?'