टमरेल घेऊन फिरायला

जालन्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर एकच ओळ लिहिली : रोज सकाळी पाच किलोमीटर चालणे. मी म्हटलं, "गोळी?" ते म्हणाले, "आधी चाला. तीन महिन्यांत साखर उतरली नाही तर पुढचं बघू." पुढचं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या वडिलांचा उजवा पाय याच साखरेपायी कापावा लागला होता. साध्या काट्याचं निमित्त झालं, आणि नंतरची अकरा वर्षं त्यांनी बाजेवर काढली. मी नुकताच रिटायर झालो होतो आणि मला माझे दोन्ही पाय पाहिजे होते.

पण जाफराबादेत तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला चालू देतो कोण! पहिल्याच दिवशी भोकरदनच्या रस्त्याला लागलो, शंभर पावलं झाली नसतील, मागून जीप. चालवणारा माझाच विद्यार्थी.

"गुरुजी, पायी? आम्ही काय मेलोत का?"

"अरे, फिरायला निघालोय."

"फिरायचंच हाय तर बसून फिरा ना!"

पुढं बसलेल्या दोघांनी खाली उतरून मला तिथं बसवलं आणि स्वतः मागं लटकले. पठ्ठ्या केदारखेड्याला साडूकडं चालला होता. तिथं चहा. गुरुजी आले म्हणून शेजारच्या घरी पुन्हा चहा. मी बिनसाखरेचा मागितला तर घरची बाई कावरीबावरी झाली, साखरेचा डबा उघडून दाखवायला लागली. काय करणार? प्यालो. दुपारी एसटीनं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल, तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर. नको म्हटलं की पोरांची तोंडं उतरायची, म्हणून बसायचो. महिन्यानं रक्त तपासलं तर साखर वाढलेली! "चालत नाही वाटतं तुम्ही," डॉक्टर म्हणाले. असा संताप आला, पण सांगतो कुणाला?

मंग मी लपायला लागलो. गाडीचा आवाज आला की बाभळीमागं. एकदा बाहेर पडायला आणि एक मोटारसायकल यायला गाठ पडली. गड्यानं मला पाहिलं, चटकन मान खाली घातली आणि सुसाट निघून गेला. ना हाक, ना रामराम. त्याचा काय समज झाला ते ध्यानात आलं आणि मी रस्त्यावर एकटाच हसलो.

दुसऱ्या दिवसापासून हातात पाण्याचं टमरेल घेतलं. आमच्याकडं टमरेलवाल्या माणसाला कुणी कुठं चाललात म्हणून विचारत नाही. कलेक्टर असला तरी लोक दुसरीकडं बघतात.

"अहो, घरात संडास बांधलाय की आपण!" बायको कपाळाला हात लावून म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

लोक म्हणायचं ते म्हणालेच. इतक्या लांब, रोज तास-तासभर, म्हणजे गुरुजींच्या पोटाचं काही खरं नाही. कुणी इसबगोल पाठवला, कुणी डाळिंबाची साल. एका माउलीनं बरणीभर बेलाचा मुरंबा आणून दिला, तोही साखरेत मुरलेला. मी मात्र पाच किलोमीटर बराबर चालत होतो. दुसऱ्या महिन्यात साखर उतरली. डॉक्टरांनी पाठ थोपटली. गुपित काही मी सांगितलं नाही.

तिसऱ्या महिन्यात बाभळीचा काटा चपलेतून आरपार पायात घुसला. उपटला तर भळाभळा रक्त. मटकन रस्त्याच्या कडेला बसलो. डोळ्यांपुढं वडिलांची बाज. तेवढ्यात जीप आली. मी टमरेल हलवून ओरडलो, "अरे थांब!" त्यानं मान फिरवली आणि वेग वाढवला. मागून आलेला तर ओरडला, "सावकाश होऊ द्या, गुरुजी!" असे चार जण गेले. सगळे माझेच विद्यार्थी, सगळे संस्कारी!

शेवटी बायको आली. मला उशीर झाला म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनी एवढं अंतर चालत आली होती. तिनं टमरेल घेतलं, पाय धुतला, पदर फाडून पट्टी बांधली. "जल्दी कर, कुणी बघंल," मी म्हणालो. ती तशीच बसून राहिली.

"मामंजींचा पाय अकरा वर्षं मी धुतला," ती म्हणाली. "त्यांना उचललं मी, त्यांची घाण काढली मी. तुम्ही साळंत असायचे. तुमचं न्हाई होणार आता माझ्याच्यानं. बिलकुल न्हाई होणार. सांगून ठेवते."

तीन महिने मी माझ्या पायाला जपत होतो. बाजेशेजारी कोण बसलं होतं, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. लाज वाटली मला.

तिनं माझा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि आम्ही लंगडत दवाखान्याकडं निघालो. चार पावलांवर मी विचारलं, "तुझे गुडघे लई दुखून राह्यले का?"

ती थांबली. माझ्याकडं बघत म्हणाली, "बारा वर्षं झाली."