वर्षाताईच्या नावाची लॅब

वर्षाताई गेली, आणि शाळेला ती एकदम आवडायला लागली.

आज वर्ष झालं. सकाळी कार्यक्रम होता. लॅबच्या दारावर तिच्या नावाचा बोर्ड लागला. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं.

दाराला कुलूप होतं.

तिला न ओळखणाऱ्यांसाठी सांगते. भातकुलीकडच्या एका गावात आमची शाळा. मी मराठी शिकवते, ती सायन्स शिकवायची. अमरावतीहून दोघी एकाच एसटीनं अप-डाऊन करायचो. खिडकी कायम तिची.

"तुले काय करायची वं खिडकी? तू त सारं मनातच पाहतं."

आमची लॅब एरवी बंदच. तपासणीला साहेब आले की उघडते, आणि खंडेनवमीला.

खंडेनवमीला मायक्रोस्कोप बाहेर येतो. हळद, कुंकू, झेंडू, नारळ. आरती होते. मग तो परत कपाटात.

दरवर्षी ताई पदराच्या टोकानं काचेवरचं कुंकू पुसायची आणि पुटपुटायची,

"याले सारे पाहून राहिले. याच्यातून कोनी नाही पाहून राहिलं."

तपासणीच्या दिवशी त्याच्यापाशी मुलं उभी करायची पद्धत. मुली दारात रांगोळी काढतात.

विज्ञान दिनालाही रांगोळीच. फक्त त्या दिवशी रॉकेटची.

ताई दर महिन्याला चावी मागायची. मुख्याध्यापक सरांचं उत्तर ठरलेलं.

"मॅडम, काचेचं काम आहे. पोरी फोडतीन."

"घरच्या साऱ्या कपबशा पोरीच धुऊन राहिल्या ना सर?"

सर हसायचे. चावी खिशातच राहायची.

दोन वर्षांपूर्वी सर चार दिवस लग्नाला गेले. ताईनं शिपायाकडची दुसरी चावी घेतली आणि आठवीच्या मुलींना आत नेलं. कांदा आणला गायत्रीनं. तिच्या घरी भाजीचा मळा, आठवडी बाजारात ती आईसोबत बसते.

ताईनं कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवला. गायत्री वाकली ती वाकलीच. मागच्या मुली ढकलायला लागल्या.

"सरक ना वं! तुया बापाचा आहे का?"

गायत्री ढिम्म.

"मॅडम, विटांची भिंत दिसून राहिली! कांदा त मी रोजच चिरतो. हे आतमध्ये असते?"

त्या दिवशी एसटीत ताईनं खिडकी मला दिली. तिला बोलायचं होतं. अमरावती येईपर्यंत ती एकट्या गायत्रीबद्दल बोलत होती.

काहीही फुटलं नव्हतं.

सर परत आले, आणि ताईकडे लेखी खुलासा मागितला. लॅबचा चार्ज काढला. सांस्कृतिक विभाग दिला.

"चाल," ती मला म्हणाली, "आता मीही रांगोळीच."



पुढच्या वर्षी कॅन्सर निघाला. शेवटी ती माहेरी होती, अकोल्याला, जठारपेठेत. मी भेटायला गेले. जेवण जातं का, झोप लागते का, असलं काहीबाही मी विचारत होते.

तिनं मध्येच विचारलं, "चावी कोनापाशी आहे वं?"

"सरांपाशीच."

"गायत्रीले सायन्स घ्याले लावजो."

एवढंच बोलली. आमचं ते शेवटचं.

गायत्री आता दहावीत आहे. आज पाहुण्यांना कुंकू लावायला तिलाच उभं केलं होतं. नऊवारी, हातात ताट. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली,

"मॅडम, बाबा म्हनते आर्ट्सच घे. शाळेत जे कधी केलंच नाही, ते पुढं काय जमन तुले?"

 तिच्या बाबांचं चुकलं कुठे?

तेवढ्यात सरांचं भाषण सुरू झालं. "मुलींनी विज्ञानात पुढे यावं, हे मॅडमचं स्वप्न होतं. ते आपण सारे मिळून पूर्ण करू." सरांचा आवाज भरून आला. खोटा नसावा. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

टेबलावर ताईचा फोटो होता. शेजारी मायक्रोस्कोप, सजावटीला. फोटोला हार घातला. मग सर म्हणाले, "गायत्री बेटा, यंत्रालाही कुंकू लाव."

गायत्रीनं ताट खाली ठेवलं.

आणि वाकून मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"ए पोरी! हात नको लावू!"

ती हलली नाही. फोटो काढणारे थांबले. मी विचारलं, "काय दिसतं गं?"

"काहीच नाही मॅडम. नुसतं लाल लाल दिसून राहिलं."

या खंडेनवमीचं कुंकू होतं ते. वाळून बसलेलं. ताई नव्हती, म्हणून कुणी पुसलं नव्हतं.

मी पदरानं पुसायला लागले. सर म्हणाले, "राहू द्या मॅडम, पाहुण्यांना उशीर होतो."

मायक्रोस्कोप आत गेला. ताईच्या नावाखाली पुन्हा कुलूप लागलं. गायत्री ताट घेऊन पाहुण्यांपुढे उभी राहिली.

ताई, भावपूर्ण श्रद्धांजली शाळेनं फ्लेक्सवर छापली आहे, तुझा फोटोही छान आलाय. माझ्याच्यानं आज तो शब्द लिहवत नाही.

चावी अजून सरांपाशीच आहे.

येते, ताई.