एकाच कुर्त्यावर चार टिपा

तोंडात सदा टाचण्या, म्हणून सगळी गल्ली तिला टाचणीबाईच म्हणायची. लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी तिच्या किडन्यांनी दगा दिला, तेव्हा मोठ्या बहिणीने, ताईने, आपली एक काढून दिली. शरीराने ती परकी म्हणून हाकलून लावू नये, यासाठी टाचणीबाई रोज न चुकता गोळ्या घ्यायची. ताई आली की पहिला प्रश्न, "माझी पोरगी कशी आहे?" पोरगी म्हणजे किडनी. सख्ख्या बहिणीची विचारपूस नंतर, वेळ उरला तर.

यंदा टाचणीबाई वाळू लागली, पण कुणाच्या लक्षात येईना. कपडा ढगळ वाटला की बाई लगेच आतून टीप मारून मोकळी. मांडीवरच्या काळ्यानिळ्या डागांचा आळ तिने कापडं बेतायच्या टेबलावर घेतला. बिचारं टेबल काय बोलणार? शेवटी धुणं वाळत घालताना तीन महिन्यांपूर्वीच शिवलेला एक कुर्ता उलटा झाला आणि ताईला एका शिवणीशेजारी चार टिपा दिसल्या.

"तीन महिन्यांत चार वेळा आत घेतलास? ऊठ, दवाखान्यात चल."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, मग हाडातला मगज तपासला आणि दोघींना समोर बसवून सांगितलं, रक्ताचा कर्करोग आहे. इतकी वर्षं या गोळ्या घेणाऱ्यांना क्वचित होतो. उपचार लगेच सुरू करायचे, आणि किडनीसाठीच्या गोळ्यांतली एक आजपासून बंद.

"मग किडनी रुसेल?" टाचणीबाईने विचारलं.

"रुसू शकते. आम्ही लक्ष ठेवू."

टाचणीबाई हटूनच बसली. "गोळी बंद होणार नाही. ताईने पोट फाडून दिलेली वस्तू मी घालवू?" डॉक्टरीणबाई समजावून समजावून थकल्या.

ताईने आपली खुर्ची तिच्याकडे वळवली. "अठरा वर्षं तुला चिडवलं, चूक माझीच. अगं बये, किडनीच जपायची होती, तर ती माझ्या पोटात काय वाईट होती? मी ती दिली, ती तिने तुला जपावं म्हणून."

टाचणीबाईला रडू फुटलं आणि रडता रडता हसूही आलं. तिने उपचारांच्या संमतीच्या कागदावर सही केली. ताईने तिच्या पिशवीतली गोळ्यांची डबी काढून डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात ठेवली. मग खिडकीकडे तोंड करून, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, स्वतःच्या कुशीवरच्या जुन्या व्रणावरून एकदा हात फिरवला. टाचणीबाईने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.